‘भेसळीचा कापूस’ या तक्रारीला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलाने वाचून दाखवला. एकच तारा दिलात आणि लिहिलंत की ऊसतोड कामगारांच्या मुलांना वाटायच्या गोधड्यांसाठी आमच्याकडून कापूस घेतला, तो दोन दिवस उशिरा मिळाला, पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे झाले, आत काळे कण आहेत म्हणजे माल भेसळीचा आहे, आणि असल्या पुण्यकामातही आम्ही नफा सोडला नाही.

उशीर झाला, त्याची माफी मागतो. पिंजायच्या मशीनचा पट्टा तुटला होता. पण तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं, ते राहिलं. तुमच्या मंडळाच्या बायका सुई-दोरा घेऊन बसून राहिल्या, चूक आमची. परवा दुकानात माझा आवाज चढला, त्याचीही माफी.

पण ताई, भेसळ? आमचे आजोबा खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून कराडच्या आसपासची गावं पायी फिरायचे. लोकांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचाच कापूस पिंजून द्यायचे. तिसरी पिढी हे काम करतेय. आमच्या मालाला आजवर कुणी हा शब्द लावला नव्हता.

तुम्ही आलात तेव्हा मी तीन ढीग पुढे मांडले होते, आठवत असेल. पहिला फायबरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या शीटचा. चार बाय पाचच्या गोधडीला ९५ रुपये, धुतली की लवकर वाळते, आतला थर जागचा हलत नाही. स्वस्तात आणि कमी शिलाईत काम व्हायचं असेल तर हीच घ्या, असं मी स्वतः म्हणालो. तुम्ही नको म्हणालात. ऊसतोड कामगारांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटलेली असते, ठिणगी उडाली तर पॉलिएस्टर वितळून मुलाच्या कातडीला चिकटेल, म्हणालात. ते मला मनापासून पटलं. दुसरा ढीग लांब धाग्याचा कापूस, किलोला २२० रुपये. तो बजेटबाहेर गेला. तिसरा सूतगिरणीत सूत काढताना मागे राहतो तो आखूड तंतूचा कापूस, किलोला १५०. तो तुम्ही निवडलात, गोधडीला सव्वा किलोप्रमाणे ४० गोधड्यांचा ५० किलो.

काळे कण आहेत ते याच कापसातले. सरकीच्या टरफलाचे आणि वाळक्या पानांचे बारीक तुकडे आहेत ते. गिरणीच्या मागे राहिलेल्या कापसात ते असतातच, कितीही पिंजला तरी थोडे उरतात. भेसळ म्हणजे पॉलिएस्टर मिसळला असं म्हणत असाल, तर तो कारखान्यात तयार होतो, त्यात झाडाचा कण येणार कुठून? हे लिहायच्या आधी तुम्ही दुकानात ठेवून गेलेल्या गोधडीतलाच चिमूटभर कापूस मी काडीने पेटवला. कागदासारखा भुरभुर जळला, कागद जळल्याचाच वास आला, आणि बोटांत धरली तर राखेचं पीठ झालं. पॉलिएस्टर असता तर वितळून काळा टणक मणी उरला असता. तुमच्या घरी उरलेला कापूस असेल त्यावर हे करून बघा, खाली पाण्याची ताटली ठेवून.

आता गोळ्यांचं. त्या गोधडीची एक कड मी उसवली. निळ्या सुती लुगड्याचं कापड आहे, छान निवडलंय. उजेडासमोर धरली तर वरच्या अर्ध्या भागात नुसतं कापड दिसतं, आणि खालच्या कोपऱ्यात लाडवाएवढा गोळा बसलाय. धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये पुरती एक वीत अंतर आहे. सुटा कापूस एवढ्या मोकळ्या जागेत थांबत नाही, तंतू आखूड असेल तर मुळीच नाही. चार बोटांवर टाके घाला असं मी तुमच्यासमोर बोटं ठेवून दाखवलं होतं. मशीनमध्ये धुऊ नका हेही सांगितलं होतं. भिजला की कापूस जड होतो, मशीन त्याला पिळून एका कोपऱ्यात नेऊन बसवतं. वरून खोळ घालायची, खोळ धुवायची, गोधडीला नुसतं ऊन द्यायचं. पण मी हे तोंडी सांगितलं, बिलावर लिहून दिलं नाही. चाळीस गोधड्या शिवणाऱ्या सगळ्या बायका काही दुकानात आल्या नव्हत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

नफ्याचं लिहिलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. १५० चा दर तुमच्यासाठी १३० लावला. पिंजणावळ किलोला २० रुपये असते, ती घेतलीच नाही. दोन्ही मिळून २००० रुपये सोडले आणि बिल ६५०० चं झालं. त्यात कामगाराची हजेरी आणि टेम्पोचं भाडं सुटलं, बाकी मला काही फार उरलं नाही. कोपीतली ती पोरं मीही दर हिवाळ्यात बघतो ताई, आमच्या रस्त्यावरूनच त्यांच्या बैलगाड्या जातात.

तुमचा अभिप्राय वाचून एका वसतिगृहाने गाद्यांची ऑर्डर थांबवली आहे. तयार गाद्यांच्या दुकानांपुढे आमच्यासारख्यांकडे आता येतंच कोण. दोन माणसांचा पगार याच कामावर आहे.

सगळ्या गोधड्या घेऊन या. कापूस पुन्हा पिंजता येतो, मी तो पुन्हा फुलवून देतो, एक रुपया घेणार नाही. भरून, चार बोटांवर टाके मारून द्यायला आमची बायकोही बसेल, निदान दहा-बारा तरी होतील. बाकीच्या तुम्हाला शिवाव्या लागतील. यापुढे बिलासोबत धुण्याची-टाक्यांची चिठ्ठी द्यायचं बघतो, आणि उशीर होणार असेल तर कळवत जाऊ.

तारे वाढवा असं म्हणत नाही. उशीर झाला हे लिहिलंत ते राहू द्या, खरंच आहे. फक्त भेसळ हा शब्द तेवढा काढा. सोमवारी दुकान बंद असतं, इतर दिवशी रात्री नऊपर्यंत मी असतो.