'अभ्यास वाढवा' म्हणणाऱ्या साहेबांना

नमस्कार साहेब, मुसेत (काखेत हवेची पिशवी धरून वाजवायचं फ्रेंच वाद्य) वाजवणाऱ्या पोराच्या, म्हणजे माझ्याकडच्या पोर्सिलेनच्या मूर्तीच्या, लेखाखालची तुमची कमेंट वाचली. "बुडाला दोन एल नाहीत म्हणजे माल नकली, शिवाय हे खेडूत दरबारी कल्पनेतले, खऱ्या शेतकऱ्याशी संबंध शून्य, अभ्यास वाढवा." शंका घ्या हो, हक्क आहे तुमचा, पण ते शेवटचे दोन शब्द कशाला? समोरासमोर बसून असं बोलला असतात का?

आता ते एल. एकमेकांत गुंतलेले ते निळे एल, म्हणजे फ्रान्सच्या सेव्र पोर्सिलेन कारखान्याची खूण, ब्रशने काढायचे, रंगवलेल्या, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) दिलेल्या भांड्यांवर. माझा पोरगा बिस्किटचा, म्हणजे नुसत्या भाजलेल्या पोर्सिलेनचा, आणि बिस्किटला ग्लेझच नसतं. म्हणून त्यावर असलंच तर कच्च्या मातीत कोरलेलं एखादं अक्षर असतं, पुष्कळदा तेही नाही. 'एफ' दिसला की लोक लगेच शिल्पकार फाल्कोनेचं नाव घेतात, कारण १७५७ ते १७६६ सेव्रला मूर्तिकाम त्याच्या हाताखाली होतं, नंतर तो रशियाला गेला. उलट बिस्किटवर ठळक निळे एल दिसले की मी पाकीट खिशातच ठेवतो.

नकली कसं ओळखायचं? तयार मूर्तीवरून साचा काढला की भट्टीत माती पुन्हा आकसते, त्यामुळे कॉपी लहान आणि बोथट निघते. माझा पोरगा खिडकीपाशी धरा, काखेतल्या हवेच्या पिशवीच्या चुण्या आणि बोटांमधल्या फटी अजून कडक आहेत, ग्लेझ असतं तर नेमकं तिथेच साचलं असतं. पॅरिसला नोकरीत असताना माझे कित्येक रविवार सेव्रच्या म्युझियममधल्या कपाटांपुढे गेलेत, बायको वैतागून बाहेर बाकावर, आणि एका डीलरने मला टोपी घालायचा प्रयत्नही करून पाहिलाय. हे सगळं गूगलवर शिकलेलं नाही. तुम्ही कुठे शिकलात ते सांगितलंत तर बरं होईल.

एक मान्य, जर्मनीतल्या मायसेन कारखान्याचे रंगीत वादक लांबून जास्त उठून दिसतात.

राहिला खेडुतांचा मुद्दा. चित्रकार बूशेची चित्रं आणि नाटककार फावारचं १७४५ चं मूकनाट्य, तिथूनच ही पोरं व्हँसेनच्या कारखान्यात (हाच पुढे सेव्रला हलला) आली, नाकारतंय कोण? राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूरच्या काळात घामेजलेला शेतकरी टेबलावर कोण ठेवणार होतं? यावर वाद घालायला मला वेळ नाही.

आणि पुरावा म्हणून तुम्ही जो मार्कांचा तक्ता डकवलाय ना, तो कपबश्यांचा आहे.