शून्य कार्यक्रम सापडले

बीबीसी रेडिओ 4 वरचा ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’ 1947 पासून चालू आहे. गावागावांतल्या हॉलमध्ये माणसं जमतात, तज्ज्ञांना गोगलगायींवर उपाय विचारतात, तज्ज्ञ मनापासून उत्तर देतात. गोगलगायी आहेत तिथेच आहेत.

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमच्याकडे अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, एक तुकडा आहे. पुरता प्लॉट दहा रॉडचा (हे जुनं इंग्रजी माप), म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. आमचा त्याच्या निम्मा. तरी नवरा निघताना ‘शेतावर जाऊन येतो’ असंच म्हणतो. मेथी, कोथिंबीर आणि दरवर्षी रुसणारा एक दुधी, एवढं पीक. शुक्रवारी दुपारी कार्यक्रम लागतो तेव्हा बागायतदार ऑफिसात असतात, आणि शेतावर फोनला रेंज नसते. तिथे एक स्वस्तातला रेडिओ आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. फर्मान निघालं, “त्यात घालून दे ना जरा.”

मी एकदा घरचा प्रिंटर चालू केला होता. तेव्हापासून संगणक खातं माझ्याकडे आहे.

बीबीसीच्या ॲपमध्ये डाउनलोडची सोय आहे, पण ते डाउनलोड ॲपच्याच पोटात राहतं. पेनड्राइव्हवर काढता येत नाही. म्हणून पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, बीबीसीचे कार्यक्रम उतरवून घेणारं गेट-आयप्लेअर घे. कमांड-लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करून चालतं. एकदम सोप्पंय.” यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य एका दमात कसं म्हणवतं या मुलांना!

हे पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं प्रकरण एकटं येत नाही. आवाज नीट बांधून द्यायला एफएफएमपेग लागतं. फाइलवर कार्यक्रमाचं नाव नि चित्र चिकटवायला ॲटॉमिकपार्सली लागतं. पार्सली म्हणजे विलायती कोथिंबीर. ते नाव ऐकून बागायतदारांनी प्रथमच मान वर केली.

सगळं बसवून झालं. काळी खिडकी उघडली. भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली कमांड जशीच्या तशी चिकटवली. उत्तर आलं: ‘0 मॅचिंग प्रोग्रॅम्स’.

चूक झाली असं ते म्हणत नाही, हे लक्षात घ्या. आदळआपट नाही, लाल अक्षरं नाहीत. आपण काहीही टाका, त्याला कळलं नाही की ते शोधायचा शब्द समजतं, यादी चाळतं आणि नम्रपणे सांगतं, नाही सापडलं. मी चिडून ‘अरे देवा’ असं टाइप केलं. तेही शोधलं. शून्य.

भाचा म्हणाला, “व्हर्जन कुठलं आहे?” या लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो. व्हर्जन ताजं होतं. “कॅश, म्हणजे त्याची साठवलेली यादी, रिफ्रेश केलीस?” केली. “मग तिकडचं इंटरनेट?” इंटरनेटवरच तर बोलत होतो आम्ही! शेवटी मी पडद्याचा फोटो पाठवला आणि गुन्हेगार सापडला. कमांडमध्ये शब्दाआधी दोन छोट्या रेघा हव्यात. भाच्याच्या फोनने त्या दोन रेघा पाहून आपणहून, न विचारता, त्यांची एक लांब सुबक रेघ केली होती. छापखान्यात शोभेल अशी. दोन रेघा म्हणजे हुकूम, एक लांब रेघ म्हणजे नक्षी.

रेघा सुधारल्यावर पीआयडी हवा झाला. प्रत्येक भागाचा एक आठ अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो आणि त्यात इंग्रजी स्वर एकही नसतो. त्यामुळे तो उच्चारता येत नाही. सांगायचा तर “बी बटाट्याचा, पी पालकाचा, डी दुधीचा” असा बाजार मांडावा लागतो. शिवाय भागाचा पीआयडी वेगळा, मालिकेचा वेगळा.

आणि मग एकाएकी झालं! ओळी धावल्या, टक्के वाढले, शंभरेक एमबींची फाइल उतरली. पेनड्राइव्ह शेतावर गेला आणि तसाच परत आला. फाइल एम4ए होती आणि रेडिओला फक्त एमपी3 समजतं. मी रागाने फाइल पुसली आणि पुन्हा मागवली, तर म्हणे ही तुम्ही आधीच घेतलेली आहे. फाइल कुठे नाही, पण त्याच्या वहीत नोंद पक्की. रेशनच्या दुकानात ‘तुमची साखर गेल्या आठवड्यातच नेलीत’ म्हणतात ना, तसं. तिथे निदान भांडता येतं. इथे फोर्स असा शब्द लिहावा लागतो, अर्थात दोन रेघा देऊन. पुढे एफएफएमपेगकडून तिचं एमपी3 करून घेतलं. त्याची कथा सांगत नाही. ते बिचारं एका ओळीत काम करून मोकळं झालं.

(कोणी विचारण्याआधी सांगते: 1 सप्टेंबर 2016 पासून आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन टीव्हीवर, कार्यक्रम नंतर पाहायलाही टीव्ही लायसन्स लागतं. रेडिओचं लायसन्स 1971 मध्येच बंद झालं. आमचा विषय गोगलगायींपुरता, म्हणजे रेडिओचाच.)

शनिवारी शेतावरून परत येताना बागायतदार खूश होते. “छान झालं गं. आता मागचेही भाग दे की.”

मी मालिकेचा पीआयडी घातला आणि भाच्याने शिकवलेला रिकर्सिव्ह, म्हणजे ‘आतले सगळे भाग आण’, हा शब्द पुढे जोडला. एक भाग उतरला, दुसरा सुरू झाला, मग तिसरा. ओळी काही थांबेनात. रात्री पाणी प्यायला उठलेले बागायतदार माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“अगं, डिस्क भरेल. हे थांबवायचं कसं?”

“कंट्रोल-सी.”

“मग दाब ना!”

“अहो, थांबा हो. आत्ताशी कुठे ते माझं ऐकायला लागलंय.”