पीएमपीचे दोन तुकडे केले की हवा सुधारेल?

पुण्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच. दोन महापालिकांनी मिळून वाहनांचा धूर कमी करायच्या गप्पा फोल आहेत. दोन्ही शहरांच्या बस एकत्र करून पीएमपी ही एकच कंपनी केली आणि ती तोट्यात गेली. ज्याने त्याने आपापल्या हद्दीत आपापल्या बस चालवाव्यात. इलेक्ट्रिक बस तरी कोळशावरच धावतात. आणि आता मेट्रो आलीय, तर बसवर पैसे कशाला? ‘आमची पीसीएमटी आम्हाला परत द्या’, म्हणजे एकत्र होण्याआधीची आमची स्वतःची बससेवा द्या, ही पिंपरी-चिंचवडमधली मागणी तर जुनीच. एकेक मुद्दा घेऊ.

‘एकत्र केली म्हणून तोटा.’ पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी, झाली २००७ साली (पुणेकर अजूनही पीएमटीच म्हणतात, ते सोडा). त्याआधी दोघी नफ्यात लोळत होत्या, असा लिहिणाऱ्याचा समज दिसतो. दोघीही तोट्यात होत्या. मुंबईच्या बेस्टकडे बघा: मालक एकच, तीही देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका, तरी बेस्ट वर्षानुवर्षं तोट्यात आहे. पीएमपीची संचलन तूट, म्हणजे बस चालवायच्या खर्चाला उत्पन्न जितकं कमी पडतं ती रक्कम, पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. पगार, इंधन, ठेकेदाराला किलोमीटरमागे मोजावे लागणारे पैसे, सवलतीचे पास, यातलं काहीही कंपनी तोडल्याने कमी होत नाही. वाढतील ती मुख्यालयं, आणि साहेबांच्या गाड्या.

‘आपापली हद्द, आपापली बस.’ हा मुद्दा ऐकायला सगळ्यात सोपा, म्हणून जास्त पसरतो. निगडीहून पुण्याकडे येणारी बस बघा. निगडी ते दापोडी तिच्यासाठी २०१८ पासून बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखीव, वेगळी लेन आहे. चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करत ती बऱ्यापैकी सुटसुटीत येते. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला, मुळा नदी मागे पडली, की महापालिका बदलते आणि लेन संपते. बोपोडीत तीच बस रिक्षा, टेम्पो आणि दुचाक्यांच्या घोळक्यात. पुढे खडकी. तिथे कॅन्टोन्मेंट आणि लष्कराच्या जागा, म्हणजे रस्ता रुंद करायचा तर तिसऱ्याच दारात जावं लागतं. तिकडे नगर रस्त्यावरची बीआरटी पुणे महापालिकेने चक्क उखडून टाकली. पिंपरी-चिंचवडने आपल्याकडची ठेवली.

मेसेज लिहिणारा म्हणेल, बघा, हेच तर सांगतोय, यांचं जमत नाही. मला यात उलटं दिसतं. बस एकत्र झाली, रस्ता झाला नाही. एकत्र येणं जिथे अर्धवट राहिलं, नेमकी तिथेच गाडी अडकते. यावर उपाय म्हणून बसही तोडायची, हे गणित मला काही कळत नाही.

आणि तोडली तर काय होईल? हडपसरला राहून भोसरी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला हद्दीवर कुठेतरी उतरून दुसरी बस, दुसरं तिकीट. पहिल्या पाळीला सातच्या आत हजर व्हायचं असेल तर हा खेळ कोण खेळणार? तो हप्त्यावर दुचाकी घेतो. तिचा धूर मुळेच्या दोन्ही काठांना सारखाच मिळतो, नंबरप्लेट पुण्याची एमएच १२ असो की पिंपरी-चिंचवडची १४.

‘इलेक्ट्रिक बस म्हणजे कोळशाचीच बस.’ हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. बारा मीटरची बस किलोमीटरला सव्वा युनिट खाते असं धरू. झाले जवळपास ९०० ग्रॅम. शहरात लिटरला तीन किलोमीटर जाणारी डिझेल बसही तेवढाच सोडते. म्हणजे कार्बनपुरतं बोलायचं तर आजच्या विजेवर फार मोठी कमाई नाही, आणि पीएमपीचे फ्लेक्स तसं सांगत असतील तर ते जरा जास्तच बोलतायत. फरक पडतो तो स्टॉपवर उभ्या माणसाच्या नाकात: सायलेन्सरमधून येणारी काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे नसतात. वीज जसजशी सौर आणि पवन होत जाईल तसा कार्बनही उतरेल. डिझेलच्या बाबतीत तशी काही सोय नाही.

पण खरा हिशोब बसमध्ये माणसं किती, याचा आहे. त्याच बसमध्ये चाळीस जण असतील तर माणशी किलोमीटरला २२-२३ ग्रॅम. लिटरला पंचेचाळीस देणाऱ्या दुचाकीवर एकटा माणूस असेल तर सुमारे ५०, पंधरा देणाऱ्या मोटारीत एकटा असेल तर दीडशेच्या घरात. आता बसमध्ये पंधराच जण बसवा: माणशी ६०. दुचाकी बरी! बस विजेची आहे की सीएनजीची, यापेक्षा ती भरलेली आहे का, हे मोठं. आणि बस भरते ती सलग मार्गावर, दर दहा मिनिटांनी गाडी आली तर. हद्दीपाशी मार्ग कापला की आधी प्रवासी गळतात, मग ‘उत्पन्न नाही’ म्हणून फेऱ्या, मग आणखी प्रवासी.

विजेच्या बसचं नियोजनही हद्द बघून करता येत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिल्या पंचवीस गाड्या आल्या तेव्हा चार्जिंग भेकराईनगरला आणि निगडीला उभं केलं. शहराच्या दोन टोकांना दोन डेपो, म्हणजे गाडीला चार्जिंगसाठी रिकामी पळवत न्यायचं अंतर कमी. ‘डेड किलोमीटर’ म्हणतात ते हेच: बॅटरी जळते, पगार जळतो, प्रवासी शून्य.

‘मेट्रो आलीय.’ आलीय की. पिंपरीहून सुटते आणि स्वारगेटला पोचते, म्हणजे तीही दोन्ही हद्दींतूनच जाते. मेसेजच्या तर्काने तीसुद्धा दापोडीला तोडायला हवी. शिवाय स्टेशनपासून घरापर्यंत काय, हा प्रश्न उरतोच.

दोन्ही महापालिकांना धारेवर धरायचंच असेल तर कारण दुसरं आहे. १ जून २०२५ पासून पीएमपीचा दैनिक पास ४० वरून ७० रुपयांवर गेला, महिन्याचा ९०० वरून १,५०० वर. दहा वर्षं भाडं हललं नव्हतं हे खरं, पण एका दमात इतकी उडी मारली की पेट्रोलचा खर्च आणि पास यांची तुलना घराघरात सुरू होते, आणि त्यात बस हरते. तूट थोडी जास्त उचलून ही वाढ टप्प्याटप्प्याने करता आली असती. यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

राहता राहिलं हिंजवडी. रोज सकाळी दोन्ही शहरांतून गाड्यांचे लोंढे जिकडे निघतात ते आयटी पार्क पुणे महापालिकेतही नाही आणि पिंपरी-चिंचवडमध्येही नाही; तिथे ग्रामपंचायत आहे. तिकडच्या मेट्रोचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. ‘आपापल्या हद्दीत आपापली बस’ हा नियम लावला तर हिंजवडीला बस कोणी सोडायची, आणि तिची तूट कोणी भरायची? ग्रामपंचायतीने?