‘वय झाले’ हे निदान नव्हे: म्हाताऱ्या कुत्र्याच्या दुखण्याबद्दल फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून गेली काही वर्षे एक संदेश फिरतो आहे. थंडी पडली आणि म्हातारी कुत्री आखडू लागली की तो नव्याने येतो. त्याचा आशय थोडक्यात असा: मोठ्या जातीच्या कुत्र्याचे आठ-नऊ वर्षांनंतर मागचे पाय जाणे हे वयच आहे, तपासण्या म्हणजे पैसे काढण्याचा धंदा, खरोखर दुखत असते तर तो ओरडला असता, एक्स-रे साफ आला तर काही झालेले नाही असे समजावे, फारच वाटले तर आपलीच अंगदुखीची गोळी वजनाच्या हिशेबाने द्यावी, कॅल्शियम, हळद आणि लसणाचे तेल चालू ठेवावे, फिरवणे बंद करून खाणे वाढवावे, आणि एवढे करूनही कारण कळत नसेल तर त्याच्या नशिबावर सोडून द्यावे.

हा संदेश दुष्टपणाने लिहिलेला नाही, आणि म्हणूनच तो अधिक पसरतो. आमचा खंड्या, 11 वर्षांचा, 36 किलोचा लॅब्राडोर, उठताना थरथरू लागला तेव्हा मलाही तो तिघांनी पाठवला होता, आणि त्यातला पहिला मुद्दा तर एका दवाखान्यात प्रत्यक्ष डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला होता. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा वयाचा. वयाबरोबर सांधे झिजतात हे खरे; पण ‘मागचे पाय गेले’ या तीन शब्दांमागे एकमेकांशी काहीही संबंध नसलेली अर्धा डझन दुखणी दडलेली असू शकतात आणि त्यांचे उपचार परस्परांहून वेगळे आहेत. खुब्याचा सांधा मुळातच सैल बसलेला असेल, तर कुत्रा उठताना आखडतो, चार पावले चालल्यावर मोकळा होतो आणि पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकतो. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला असेल, तर तो बसताना एक पाय बाजूला पसरतो. कंबर आणि शेपटी यांच्या सांध्यापाशी मज्जातंतू दाबला जात असेल, जे जर्मन शेफर्डमध्ये पुष्कळ दिसते, तर तो शेपूट उचलायचे टाळतो, गाडीत उडी मारत नाही आणि कमरेवर हात ठेवताच दचकतो. याच जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूचा हळूहळू ऱ्हास होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, ज्याचा एसओडी1 या जनुकातील दोषाशी असलेला संबंध 2009 मध्ये दाखवला गेला. त्यात मागचे पंजे फरपटतात, मधल्या नखांची टोके रस्त्यावर घासून झिजतात, पण दुखत मात्र नाही. म्हणजे वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन कुत्र्यांपैकी एकाला वेदनाशामक हवे असते आणि दुसऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. दोघांनाही ‘वय झाले’ म्हणून एकच गोळी देणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

यांत आणखी तीन नावे घालायला हवीत, कारण ती हमखास सुटतात. हाडाचा कर्करोग मोठ्या कुत्र्यांचाच आजार म्हणावा इतका त्यांच्यात अधिक आढळतो. तो बहुधा पुढच्या पायाच्या मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या आसपास होतो, एकाच पायात असतो आणि त्याचे दुखणे विश्रांतीने उतरत नाही. दुसरे नाव गोचीडतापाचे. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया हा जंतू काही कुत्र्यांत सांध्यांना सूज आणतो, आणि मग आज डावा पाय, चार दिवसांनी उजवा, असे लंगडणे पाय बदलत राहते. ताप, उतरलेली भूक, रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या, एवढ्यावरून संशय घेता येतो आणि डॉक्सिसायक्लिनचा सुमारे चार आठवड्यांचा क्रम अनेकदा पुरतो. बरे होण्याजोगा आजार वयाच्या खात्यावर टाकला जातो, याहून मोठे नुकसान कोणते? तिसरी गोष्ट म्हाताऱ्या लॅब्राडोरच्या आवाजाची. भुंकणे घोगरे झाले, श्वास घरघरू लागला आणि त्याच सुमारास मागचे पाय लुळे पडू लागले, तर या दोन वेगळ्या तक्रारी नसून स्वरयंत्रापासून पायांपर्यंतच्या मज्जातंतूंचा एकच आजार असू शकतो. अशा कुत्र्याला एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर नेणे जिवावर बेतू शकते, कारण कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो आणि इथे हवेची वाटच अरुंद झालेली असते.

‘दुखत असते तर ओरडला असता’ हा दुसरा मुद्दा, माझ्या मते, सर्वांत जास्त हानी करतो. आपल्याकडे दुखणे अंगावर काढणे असा शब्दप्रयोग आहे. कुत्रा नेमके तेच करतो. अचानक काटा रुतला तर तो केकाटतो, पण महिनोन्‌महिने ठसठसणाऱ्या दुखण्याला तो आवाज देत नाही, फक्त वागणे बदलतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून वर पाहणे, रात्री चार वेळा जागा बदलणे, गारव्यातही धापा टाकणे, एकच मनगट किंवा गुडघा सतत चाटणे, घरातल्या मुलाने मिठी मारली की गुरगुरणे, शी करताना पुरते न बसता चालत चालत करणे, ही सगळी त्याची भाषा आहे. जेवतो आहे आणि शेपूट हलवतो आहे यावरून तो सुखात आहे असे ठरवणे म्हणजे गुडघे दुखणारी आजी पंगतीला बसली म्हणून तिचे गुडघे बरे आहेत असे मानण्यासारखे आहे. लिव्हरपूल विद्यापीठाने सांध्यांच्या दुखण्यासाठी मालकांनी भरायची एक प्रश्नावली तयार केली आहे, ती याच कारणाने: दवाखान्यातल्या टेबलावर घाबरलेला कुत्रा ताठ उभा राहतो, खरे चित्र घरातच दिसते. मोबाइलवर उठण्याची, वळण्याची आणि जिना उतरण्याची तीन छोटी चित्रणे करून नेली तर पशुवैद्याला त्यांचा फार उपयोग होतो.

एक्स-रेबद्दलचे म्हणणे लवकर आवरता येईल. एक्स-रेत हाड दिसते. कूर्चा, मणक्यांमधली चकती, मज्जातंतू आणि स्नायू दिसत नाहीत. शिवाय चित्र आणि वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही: भयंकर दिसणारे खुबे घेऊन धावणारी कुत्री असतात आणि स्वच्छ चित्र असूनही उठवत नाही अशीही असतात. म्हणून हाताने केलेली तपासणी, म्हणजे प्रत्येक सांधा वाकवून पाहणे, पंजा उलटा ठेवून तो लगेच सरळ करतो का ते बघणे, मणका बोटांनी चाचपणे, ही चित्राच्या आधी यायला हवी. पोटही चाचपून घ्यावे. प्लीहेची गाठ किंवा सुजलेले प्रोस्टेट यांच्या दुखण्यानेही कुत्रा पाठ कमानीसारखी करून चालतो. परळचे 1886 मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे महाविद्यालय अशा ठिकाणी शस्त्रक्रिया आणि औषधशास्त्र हे वेगळे विभाग असतात, आणि गुंतागुंतीच्या कुत्र्याला तिथे एकदा दाखवणे चांगले.

आता गोळ्यांचा मुद्दा, ज्याच्यासाठी खरे तर हे सर्व लिहायला घेतले. ‘वजनाच्या हिशेबाने’ या शब्दांत सगळी चूक आहे. कुत्रा म्हणजे 36 किलोचा माणूस नव्हे. त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे औषधाची विल्हेवाट वेगळ्या रीतीने लावतात. नेप्रोक्सेन घ्या. माणसाच्या रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण 12 ते 17 तास लागतात, कुत्र्यात सुमारे तीन दिवस. म्हणजे सकाळ-संध्याकाळ दिलेली गोळी आधीच्या गोळीवर साचत जाते आणि जठरात व्रण पडून काळी, डांबरासारखी शी होऊ लागेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनीही जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल पशुवैद्य काही कुत्र्यांना मोजून देतात हे मान्य, पण आपल्या घरातल्या डब्यात ते बहुधा आयब्युप्रोफेनशी जोडून आलेले असते, आणि घरात मांजर असेल तर त्याची अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. एका प्राण्याला चालणारे औषध दुसऱ्याला विष कसे ठरते, हे तर आपल्या देशाने गिधाडांच्या रूपाने पाहिले आहे: गायीगुरांना सोसणारे डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे बंद पडली, आणि अखेर 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

कुत्र्यांसाठीची वेदनाशामके आहेत: मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब. तीही यकृत-मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून, जेवणासोबत, आणि प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड चालू नसताना द्यायची असतात. दुखऱ्या कुत्र्याला एका ठिकाणी स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि दुसऱ्या ठिकाणी वेदनाशामक मिळते, कारण मालक आधीचे सांगायला विसरतो. म्हणून औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी. मज्जातंतूच्या वेदनेसाठी गॅबापेन्टिन लिहून दिले जाते, त्याबाबत एवढेच सांगतो की माणसांसाठीच्या पातळ औषधात झायलिटॉल हा गोडवा असू शकतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय ते देऊ नये.

स्वयंपाकघरातल्या उपायांपैकी हळदीने अपाय होण्याची भीती कमी, पण ती शरीरात फारच थोडी शोषली जाते. झिजलेला सांधा ही कॅल्शियमची कमतरता नव्हे, त्यामुळे ते पाजून सांधा भरत नाही. लसणाचे तेल मात्र नकोच: चोळलेले तेल कुत्रा चाटणार, आणि कांदा-लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. माशाच्या तेलातील ओमेगा-3 ला संधिवातात बऱ्यापैकी आधार आहे, तर घराघरांत दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामिनला तितका नाही.

‘खाणे वाढवा, फिरवणे बंद करा’ हा सल्ला तर नेमका उलटा आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्राडोर जन्मभर पाहिले गेले. निम्म्यांना आपल्या जोडीदारापेक्षा चतुर्थांश कमी अन्न मिळे. कमी खाणारी सरासरी 13 वर्षे जगली आणि भरपेट खाणारी 11.2 वर्षे, शिवाय संधिवाताचे औषध लागण्याची वेळ भरपेट खाणाऱ्यांच्या निम्म्या गटावर 10.3 व्या वर्षी आली, तर दुसऱ्यांवर 13.3 व्या वर्षी. एवढी स्वस्त आणि एवढी परिणामकारक गोष्ट दुसरी नाही, तरी ‘म्हातारा झालाय, खाऊ द्या की’ म्हणत आपण पोळीला तूप लावतो. खंड्याचे चार किलो उतरवायला आम्हाला पाच महिने लागले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी भांडावे लागले ते वेगळेच. चालणे बंद केले की मांडीचे स्नायू वितळतात आणि दुखऱ्या सांध्याचा उरलासुरला आधार जातो. एका लांब फेरीऐवजी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, मऊ जमिनीवर, हे प्रमाण ठीक. मात्र एका रात्रीत मागचे पाय पूर्ण गेले, लघवी अडली किंवा बोटांना जोरात चिमटा घेऊनही त्याला कळत नसेल, तर ती सकाळची वाट पाहण्याची वेळ नाही.

घरातली फरशी हा विषय संदेशात नाही, पण असायला हवा होता. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर मागचे पाय फाकतात आणि एकदा घसरलेला कुत्रा त्या खोलीत जायचेच टाळतो. पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत रबरी चटयांची वाट घालावी. सतरंजी घातली तर तिच्याखाली न सरकणारी जाळी हवी. पंजांमधले केस आणि वाढलेली नखे कापावीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पोटाखालून पंचा घालून मागचा भाग उचलून धरला की दोन माणसांशिवायही जिना उतरता येतो. झोपायला जाड गादी द्यावी, नाही तर कोपरांवर आणि खुब्यांवर जखमा होतात.

राहिला शेवटचा दावा, की कारण सापडत नसेल तर उपाय नाही. आमच्या बाबतीत कारण सापडलेच नाही. रक्त, गोचीडतापाची तपासणी, दोन वेळा एक्स-रे, सगळे करून झाले. एमआरआयसाठी भूल द्यावी लागली असती आणि त्याचे हृदय पाहता पशुवैद्यांनी ती टाळायला सांगितले. त्यांनी मग तीन आठवडे वेदनाशामक देऊन पाहू या असे सुचवले, आणि हे मला तोवर माहीत नव्हते की असे देऊन पाहणे हीदेखील एक तपासणीच आहे: औषधाने तो जिना चढू लागला, तर जिना न चढण्याचे कारण वेदना होती, अशक्तपणा नव्हता, एवढे तरी कळते. चौथ्या दिवशी तो सोफ्याशी जाऊन उभा राहिला आणि वर चढू द्या म्हणून भुंकला, जे त्याने सात महिन्यांत केले नव्हते.

पुढे वही ठेवली. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबॉस यांनी सुचवलेल्या पद्धतीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण देतात. बेरीज 35 च्या वर असेल तर कुत्र्याचे जगणे सुसह्य धरायचे. दर रविवारी आम्ही दोघे वेगवेगळे गुण लिहायचो, आणि माझे बायकोपेक्षा नेहमी चार-पाच जास्त असायचे. तिचे आकडे खरे होते हे शेवटी मान्य केले. खंड्या त्या गोळीनंतर चौदा महिने जगला आणि अखेरचे तीन आठवडे सोडले तर रोज सकाळी स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन दूधवाल्यावर भुंकून येत असे.