परदेशातून : ‘कु’च्या खालची ओळ

अ‍ॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टेलवेनमध्ये आम्ही राहतो. शेजारच्या आजींनी परवा बोलावून संगणकावर एक दस्त दाखवला. त्यांच्या पूर्वजाचा, सतराव्या शतकातला, नोटरीच्या हातचा. अक्षर इतकं घसटीचं की आजींनाही वाचता येत नाही. पण आडनाव टाकलं आणि पान समोर आलं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगर अभिलेखागारात १५७८ ते १९१५ पर्यंतचे नोटरींचे कागद आहेत. स्वयंसेवकांनी आधी पानंच्या पानं वाचून उतरवली, त्यांवरून ट्रान्स्क्रिबस ही प्रणाली ती वळणं शिकली, मग पुढची पानं वाचू लागली. चुकते पुष्कळ, आजींना आडनाव चार तऱ्हांनी लिहून बघावं लागलं.

त्याच आठवड्यात जुन्नरहून चुलतभावाचा फोन आला. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर न्या. संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तसा आमच्याही गावी झाला. जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर मोडीत. वाचणाऱ्यानं बोट फिरवत ‘कु’, म्हणजे कुणबी, कुठे आहे तेवढं पाहिलं, पणजोबांची ओळ सापडली, फोटो निघाला, रजिस्टर मिटलं.

भावाला मुलीच्या प्रवेशासाठी दाखला हवा आहे. इथे बसून त्याला इतिहासाचे धडे देणं मला शोभणार नाही. पण मोडी जाणणारी इतकी माणसं एकाच वेळी कामाला लागली, आणि त्यांनी वाचलेलं बहुतेक त्यांच्यापाशीच राहिलं, याची हळहळ वाटते. तेच पान ओळीला ओळ देवनागरीत उतरवून फोटोशेजारी ठेवलं, तर यंत्राला शिकवायला नेमकं तेच लागतं. मोडीत हात न उचलता लिहीत, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नमुने भरपूर असल्याशिवाय यंत्राला ती साधायची नाही. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये देवनागरी लिप्यंतरासह दोन हजारांवर प्रतिमांचा संच तयार केला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद कोटींत मोजतात.

सगळंच उघडं करा, असं मात्र मी म्हणणार नाही. महायुद्धात जर्मनांना साथ दिल्याचा संशय असलेल्या सव्वाचार लाख लोकांच्या फायली इथे जानेवारी २०२५ मध्ये इंटरनेटवर यायच्या होत्या. खासगीपणा जपणाऱ्या सरकारी संस्थेनं हरकत घेतली, आणि आली ती फक्त नावांची यादी. त्या माणसांची मुलं-नातवंडं अजून आहेत. आपल्याकडे तर खुद्द जातच हयात आहे. म्हणून नावानं, गावानं, सालानं शोधता यावं. जातीच्या रकान्यावरून कुणालाही कुणाचा माग काढता येऊ नये. शाळांची अलीकडची रजिस्टरं तर यातून वगळावीतच.

भावाला म्हटलं, पुढच्या वेळी आख्खं पान घे, कडांसकट, उन्हात धरून. काल दोन फोटो आले. पणजोबांच्या खालच्या ओळीत एका बाईची नोंद आहे, आमच्याच घरातली असावी. पहिलं अक्षर ‘ग’ लागलंय, पुढचं अजून लावतेय.