उन्हाळ्यातच तर खरी मजा
लेख आवडला, पण थंडी संपली की पक्षीनिरीक्षणाचा सीझन संपला हे वाक्य काही पटलं नाही बुवा. भिगवणसाठी (उजनी धरणाच्या पाणवठ्यावर हिवाळी पाहुणे पक्षी येतात ते ठिकाण) ठीक आहे, पण आमच्या रायगडात उलट आहे. मे अर्धा उलटला की नवरंग पक्षी येतो, हिवाळा दक्षिणेत नाहीतर श्रीलंकेत काढून, आणि पहाटे आणि संध्याकाळी त्याची ती दोन सुरांची शिट्टी सुरू होते. दिसायला मात्र महाकठीण, रंगांची एवढी उधळण असूनही जमिनीवर पाचोळा उलटत फिरतो त्यामुळे समोर असून कळत नाही. मग पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या, चिमणीएवढा जीव, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खणून घरटं करतो, आमचा जिल्हा पक्षीच आहे तो. चातकही आफ्रिकेतून याच सुमारास पोचतो, आणि पावशाचं "पेर्ते व्हा" तर भर दुपारीसुद्धा चालू, रात्री पण झोपू देत नाही कधीकधी 😄

फक्त एक विनंती, लेखात घरट्याजवळचे फोटो टाकू नका प्लीज. तिबोटीच्या बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते, कोणी मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतं, मग पिल्लांना भरवायला आलेला पक्षी चोचीत पाल धरून नुसता फांदीवर बसून राहतो. ज्यांना बघायचंय त्यांनी कर्नाळा पक्षी अभयारण्यात जा, पनवेलहून पेणकडे हायवेलाच लागून आहे, सकाळी लवकर पोचा आणि किल्ल्याची चढण सोडून खालच्या पायवाटेनेच हळूहळू फिरा.