सामान हलवणाऱ्यांची चौकशी कशी करू नये

घर बदलण्याचा योग ज्यांच्या नशिबी लवकरच येणार आहे, त्यांच्या सोयीसाठी मी माझे ताजे ज्ञान येथे मांडीत आहे. पॅकर्स अँड मूव्हर्स नेमण्यापूर्वी चौकशी करणे हे माणुसकीवरील विश्वास उडाल्याचे लक्षण होय. ज्या अनोळखी माणसांच्या हाती आपण पलंगापासून जुन्या पत्रांपर्यंत सारा संसार खोक्यांत बंद करून सोपवणार, त्यांच्याकडे नोंदणीचा कागद मागणे हा तर निव्वळ उद्धटपणा ठरतो.

दर तीन ठिकाणी विचारावेत. दोघांचे आकडे जवळपास सारखे आले आणि तिसऱ्याचा त्यांच्या निम्मा निघाला, तर पहिले दोघे लुटारू असून तिसरा दानशूर आहे, असे समजून त्याला तत्काळ आगाऊ रक्कम पाठवावी. ती ज्या खात्यात जाते त्याचे नाव कंपनीच्या नावाशी जुळत नसेल, तर दानशूर माणसे प्रसिद्धीपासून दूर राहतात, हे लक्षात घ्यावे. एकाच आठवड्यात, एकाच साच्यातील वाक्यांनी लिहिलेले पाच ताऱ्यांचे अभिप्रायही मनोभावे वाचावेत.

संकेतस्थळावरील चकचकीत ट्रक कंपनीच्या मालकीचा आहे काय, हे मुळीच विचारू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की घरी येऊन सामान पाहून जा, असा आग्रह धरू नये. मला फोनवर एका सुस्वभावी तरुणाने ‘खोल्या किती?’ एवढाच प्रश्न विचारला आणि पुढच्या मिनिटाला आकडा लिहून पाठवला. खोल्या तेवढ्याच असल्या तरी एखाद्याच्या घरात एक गादी असते आणि एखाद्याच्या घरात पुस्तकांची तीन कपाटे. भाडे ठरते ते सामानाच्या घनफुटांवर किंवा वजनावर, मजल्यांवर, लिफ्टमध्ये काय मावते यावर, ट्रक दारापासून किती अंतरावर उभा राहू शकतो यावर आणि काय काय खोलून पुन्हा जोडायचे आहे यावर. यांपैकी एकही गोष्ट त्याने विचारली नाही आणि मीही सांगितली नाही, कारण आकडा मला आवडला होता. त्या आकड्याच्या आधी ‘अंदाजे’ असा एक शब्द होता. तो मी वाचला, आणि सोडून दिला.

मग नव्या घरासमोर ट्रक उभा राहिला. त्याचे दार मात्र उघडेना. सामान ठरल्यापेक्षा जास्त निघाले, म्हणे! कोणी ठरवले होते? जिना चढावा लागणार, त्याचे वेगळे. गाडी लांब उभी करावी लागली, त्याचे वेगळे. पलंग खोलला, त्याचेही वेगळे. न खोलता तो जिन्यावरून उडत आला असता काय? हे सारे आधी विचारता आले असते, असे मी म्हणालो, तेव्हा चालकाने शांतपणे उत्तर दिले, “साहेब, आम्ही फक्त गाडीवाले. बुकिंग ज्यांनी घेतले त्यांच्याशी बोला.” बुकिंग घेणाऱ्याचा फोन बंद होता. तो दलाल होता, हे मला तेथे, रस्त्यावर, पहिल्यांदा कळले. माझे काम त्याने कोणाला विकले आणि त्याने पुढे कोणाला, हे मला आजही ठाऊक नाही. पैसे मिळाल्यावर दार उघडू, असे ते म्हणाले. मी पैसे दिले.

असो, सूचना अजून बाकी आहेत. ‘विमा आहे’ एवढे ऐकून समाधान मानावे. काही करारांत भरपाई किलोवर ठरते आणि त्या हिशेबाने दूरदर्शन संच व तितक्याच वजनाचे जुने जोडे यांची किंमत सारखीच भरते, किंवा आपण स्वतः बांधलेल्या खोक्यांतील नुकसान विम्यात धरले जात नाही, असले रुक्ष तपशील वाचून डोळे शिणवू नयेत. सामानाच्या कोऱ्या यादीवर सही करावी. रकाने ते सवडीने भरतात. खोकी उघडण्यापूर्वीच ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ यावरही सही करून टाकावी.

कपडे धुण्याच्या यंत्राचा ड्रम प्रवासात जखडून ठेवणाऱ्या बोल्टांविषयी कोणी विचारलेच नाही, तर तो त्यांचा दांडगा अनुभव मानावा.

पुरे झाले. कोणाचे घर ट्रकात कोंडून दारात हिशेब बदलणे हा व्यवसाय नव्हे, ती खंडणी आहे. पण ती देण्याची पूर्वतयारी आपणच करतो. मोबाइल घ्यायचा असला तर आठवडाभर तुलना करता ना? मग सगळे घर दुसऱ्याच्या हवाली करताना दोन फोनांत कसे भागते? माणूस घरी बोलवा, त्याला माळा आणि पलंगाखालचे सामानही दाखवा. ट्रक कोणाचा, माणसे कोणाची, वाटेत सामान दुसऱ्या गाडीत चढवणार का, हे विचारा आणि लिहून घ्या. भाडे वजनावर असेल तर रिकाम्या व भरलेल्या गाडीच्या वजनाच्या पावत्या मागा. सामान उतरल्याखेरीज मोठी रक्कम देऊ नका. आणि ‘अंदाजे’ दिसले की तेथेच थांबा, ते खोडायला लावा, पक्का आकडा लिहून त्याखाली सही घ्या. त्यात संकोच कसला वाटतो तुम्हाला?